रामूने चिकू का वाटले?

पद्धत नाही असा प्रश्नच जगात नाही, असं कृष्णकांत सावेचं ठाम मत होतं. हे मत त्याने तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीच्या टेबलावर बसून कमावलं होतं. निळ्या पावडरीत हिरवी झाक आली तर ती का आली, हे तो पाच पायऱ्यांत शोधून काढत असे. पाच पायऱ्यांत नाहीच सापडलं, तर सहाव्या पायरीवर तो दोष रात्रपाळीवर टाकत असे. पण पायरी चुकवत नसे.

अशा माणसाच्या मुलीने चौथीच्या घटक चाचणीत चारही शाब्दिक उदाहरणं कोरी सोडावीत, हा दैवाचा खोडसाळपणा म्हणायचा. हेमालीचा पेपर घरी आला तेव्हा उभ्या मांडणीचे सगळे भागाकार बरोबर होते, गुणाकार बरोबर होते, हातचेसुद्धा जागच्या जागी होते. आणि मग खाली चार उदाहरणं, त्यापुढे चार स्वच्छ मोकळ्या जागा.

"हे काय आहे, हेमाली?" कृष्णकांतने विचारलं. तो एरवी घरात चिंचणीकडचं बोलत असे. रागावला की प्रमाण मराठीत शिरत असे. 'हे काय आहे' ऐकल्याबरोबर त्याची बायको मोनाली स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

"उदाहरणं," हेमाली म्हणाली.

"ते दिसतंय. वाच पहिलं."

हेमालीने वाचलं. "रामूच्या वाडीत छप्पन्न चिकू निघाले. त्याने ते सात मित्रांना सारखे वाटले. प्रत्येकाला किती चिकू मिळाले?"

"छप्पन्न भागिले सात किती?"

"आठ," हेमाली पटकन म्हणाली.

"मग लिहिलं का नाहीस?"

हेमालीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तोच काहीतरी विसरतोय. "पण पप्पा, त्याने सगळेच का वाटले? घरी एकपण नाय ठेवला? त्याच्या आईला नाय दिला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आधी ते कळायला नको?"

दुसऱ्या उदाहरणात एक बाई पाण्याची टाकी एका बाजूने भरत होती आणि दुसऱ्या बाजूने रिकामी करत होती. त्या बाईला तिच्या घरी कोणी बोलत कसं नाही, इथे हेमाली अडली होती. तिसऱ्यात दोन मुलगे एकाच गावाहून एकाच गावाला वेगवेगळे चालत निघाले होते. त्यांचं भांडण झालं होतं का, हे पुस्तकात दिलं नव्हतं.

"अहो, रोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसा, होईल सगळं," मोनाली म्हणाली.

"मोनाली, हे भावनेने सुटणारे प्रश्न नव्हेत," कृष्णकांत म्हणाला. "याला पद्धत लागते."

गेल्याच महिन्यात कारखान्यात पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. दोन दिवस त्यांनी सगळ्यांना 'समस्या निवारण' शिकवलं, तिसऱ्या दिवशी त्यांना कारखान्याच्या फाटकावर रिक्षा मिळेना, तेव्हा ते अर्धा तास नुसते उभे राहिले. ही गोष्ट कृष्णकांतने तेव्हा मनावर घेतली नाही. त्याने मोठा पांढरा पुठ्ठा आणला, चार रंगांचे स्केचपेन आणले आणि रविवारची दुपार खर्ची घालून तक्ता केला:

पायरी १ : प्रश्न नीट समजून घ्या. पायरी २ : दिलेली माहिती लिहा. पायरी ३ : चित्र काढा. पायरी ४ : सोडवा. पायरी ५ : उत्तर पडताळा.

आणि वर, थोड्या मोठ्या अक्षरात, 'सावे समस्या निवारण पद्धती'. आपलं आडनाव घालावं की नाही यावर त्याने पाच मिनिटं विचार केला होता. मग घातलं.

तक्ता हॉलमध्ये लागला आणि पहिल्याच संध्याकाळी पद्धतीने जोर दाखवला. एका उदाहरणाला एक तास दहा मिनिटं लागली. हेमाली मोठी आज्ञाधारक मुलगी. 'नीट समजून घ्या' म्हटल्यावर ती नीटच समजून घेणार. तिसऱ्या पायरीवर तिने रामूची अख्खी वाडी काढली, विहीर काढली, सात मित्र काढले, त्यांना नावं दिली. त्यातल्या दर्पण नावाच्या मित्राला चिकू आवडत नव्हते.

"दर्पणचे चिकू मग कुणाला द्यायचे, पप्पा?"

कृष्णकांत गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बोईसरच्या त्यांच्या सोसायटीत गॅलरीत नुसतं उभं राहण्याची सोय नाही. उभा राहिलेला माणूस अडचणीत आहे असं धरून चालतात. शेजारच्या गॅलरीतून पोस्टातून निवृत्त झालेले एकनाथकाका लगेच म्हणाले, "पावकी, निमकी, दिडकीचे पाढे. रोज पहाटे. आमची पिढी त्यावर उभी आहे." काका स्वतः गुडघ्यांमुळे फारसे उभे राहत नसत, पण मुद्दा तो नव्हता. ते उठून तक्ता बघायला घरात आले, चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढला. "ठेवतो माझ्याकडे," म्हणाले. निवृत्त माणसाने फोटो 'ठेवतो' म्हणणं किती धोक्याचं असतं, हे कृष्णकांतला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलूमावशी आली. सुलूमावशी चिंचणीहून मासळी घेऊन येई आणि सोसायटीच्या जिन्याखाली पाटी उतरवून सगळ्या मजल्यांच्या खबरा गोळा करी. तिला तक्त्याची बातमी आधीच लागली होती.

"सावेभाऊ, डोक्याला बोंबील लागतो," ती म्हणाली. "ओला नाय, सुका. आमच्या पोरांना काय पायऱ्या लावल्या नाय आमी, तरी कुनाचा अडला हाय?"

हेमाली शाळेचा गणवेश घालून जिन्यात उभी होती. तिने सरळ मावशीलाच विचारलं, "सुलूमावशी, रामूने सगळे चिकू का वाटले?"

सुलूमावशीने क्षणभरही विचार केला नाही. "पिकले असतील सगले एकदम. चिकू एकदा पिकला का थांबत नाय. वाटायचा, नायतर टाकायचा."

"आणि दर्पण?"

"तो घेऊन आयशीला देल. घरात कोनीतरी खानारा असतोच."

हेमाली "हां" म्हणाली, दप्तर उघडून पायरीवरच बसली आणि वहीत 'आठ' लिहून मोकळी झाली.

हे कृष्णकांतने वरून पाहिलं. निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष तेवढा त्याने स्वतःच्या सोयीने काढला. "बघितलंस?" तो मोनालीला म्हणाला. "तक्त्याचा गुण यायला बारा तास लागतात."

आठवड्याने शाळेतून निरोप आला : मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलंय. मुख्याध्यापिका पुष्पलता चुरी यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणत असे. हेमालीने वर्गात कुणाला काय विचारलं असेल, याची यादी मनात करत कृष्णकांत त्यांच्या खोलीत शिरला. बाईंच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये त्याचा तक्ता होता. एकनाथकाकांनी 'ठेवलेला' फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून बाईंच्या धाकट्या जावेकडे आणि तिथून बाईंकडे पोचला होता.

"हे तुम्ही केलंत?"

"हो, म्हणजे सहज…"

"सावे, अहो, अख्ख्या केंद्रातली मुलं शाब्दिक उदाहरणांत मागे आहेत! पुढच्या महिन्यात आपल्या शाळेत शिक्षण परिषद आहे. चौदा शाळांचे शिक्षक येणार, साहेब येणार. तुम्ही तिथे ही पद्धत करून दाखवा. आणि हेमालीलाच घ्या सोबत. तिला खूपच फायदा झाला असेल ना?"

या ठिकाणी एक छोटासा, सरळ, प्रामाणिक शब्द होता. 'नाही.' तो कृष्णकांतच्या ओठांपर्यंत आलाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मुख्याध्यापिका त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती; चौथीत असताना त्याच्या वाट्याला आलेली नजर फार वेगळी होती.

"बराच," तो म्हणाला.

आता बाहेरच्या माणसाने शाळेत येऊन काही दाखवायचं तर परवानगी लागते. त्यासाठी अर्धी रजा टाकून, स्कूटर काढून कृष्णकांत पालघरला एका कार्यालयात गेला. तिथल्या खिडकीमागच्या गृहस्थांनी त्याला एक छापील नमुना दिला. त्यात 'सादरकर्त्याचा प्रकार' असा रकाना होता : शिक्षक, निवृत्त शिक्षक, विषयतज्ज्ञ, स्वयंसेवी संस्था.

"मी पालक आहे," कृष्णकांत म्हणाला.

"पालक नाही यात."

"मग काय लिहू?"

गृहस्थांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "संस्था लिहा."

"पण मी एकटाच आहे."

"संस्था लहान असू शकते."

संस्था म्हटल्यावर संस्थेचा शिक्का लागला. शिक्का नाही म्हटल्यावर, शिक्का नसल्याचं स्वतःच्या सहीचं पत्र लागलं. ते पत्र लिहिलं, तर त्यावर संस्थेचा शिक्का नाही म्हणून ते परत आलं. तिसऱ्या खेपेला ते गृहस्थ रजेवर होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या बाईंनी काहीही न वाचता अर्ज ठेवून घेतला. कृष्णकांतला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

परवानगी चक्क वेळेत आली. मात्र पत्रात लिहिलं होतं : 'सावे समस्या निर्माण पद्धती या नावीन्यपूर्ण उपक्रमास मान्यता देण्यात येत आहे.' आणि खाली : 'उपक्रम उपयुक्त आढळल्यास केंद्रातील सर्व चौदा शाळांत, दर शनिवारी, सादरकर्त्या संस्थेने तो विनामोबदला राबवावा.'

कृष्णकांतने पत्र तीनदा वाचलं. चौदा शाळा. एक पाम गावाला, एक चिंचणीला, एक तर अशी आडवळणाला की तिथे जाणारी बस परत कधी येते ते डेपोलाही सांगता येत नसे. दर शनिवारी. आणि त्यातला शब्द 'निर्माण'.

"बाई, ते 'निवारण' आहे," त्याने धावत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं.

"पत्रात जे आहे तेच बॅनरवर घालावं लागतं, सावे. मान्यता त्याच नावाला आहे. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करता का?"

कृष्णकांतला खिडकीमागचे गृहस्थ आठवले. "राहू दे," तो म्हणाला.

आता खरी भीती. इतके दिवस गाडी उतारावर होती. आता ती कुठे आपटणार ते दिसू लागलं. चौदा शाळांचे शिक्षक, साहेब, आणि मधोमध हेमाली, जिला पहिल्याच ओळीत कुणाच्या तरी आईची काळजी वाटणार. लोक हसतील. त्याला हसले तर चालेल. कारखान्यात दरमहा कुणीतरी हसतंच. पण नऊ वर्षांची ती पोर, भर सभेत, त्याच्या एका 'बराच'पायी.

मग त्याने जे केलं ते कुठल्याच पायरीत बसणारं नव्हतं. एक सोपं उदाहरण निवडलं आणि ते हेमालीला पाठ करायला सांगितलं.

"उत्तर पाठ करू?" हेमालीने विचारलं. "मग ते उदाहरण कसं होईल, पप्पा? ती तर कविता झाली."

त्याने पुस्तक मिटलं. जेवताना त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि मोनालीसमोरच सगळं सांगून टाकलं. "हेमू, मी मोठ्या बाईंना सांगितलं की तुला या तक्त्याचा फायदा झाला. ते खोटं होतं. तुला तिथे उभं राहायचं नसेल तर नको राहू. मी सांगतो बाईंना."

मोनालीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. सांगून टाकलंत ते बरं केलंत, असा तिचा अर्थ होता.

हेमालीने थोडा विचार केला. "पण फायदा झाला की. आधी बाई म्हणायच्या, प्रश्न विचारू नको, सोडव. तुमच्या तक्त्यात लिहिलंय, आधी समजून घ्या. मी येते."

परिषदेच्या दिवशी शाळेच्या सभागृहात 'सावे समस्या निर्माण पद्धती' असा आठ फुटी बॅनर झळकत होता. चौदा शाळांचे शिक्षक आले होते, आणि शनिवारी शिक्षकांना जसं वाटायचं तसंच त्यांना वाटत होतं. एकनाथकाका निमंत्रण नसताना पहिल्या रांगेत होते. शिक्षण खात्याचे कैलाससाहेब आले, हार झाला, नारळ झाला. कृष्णकांतने पाच पायऱ्या समजावल्या, आवाज दोनदाच फाटला.

"छान," साहेब म्हणाले. "पण तयार उदाहरण नको. आम्ही देतो." त्यांनी खिशातून टाईप केलेला कागद काढून वाचलं : "एका होडीत बारा टोपल्या पापलेट आले. प्रत्येक टोपलीत सारखेच पापलेट होते. त्यातले छत्तीस पापलेट विकले. तर किती पापलेट उरले? हं, बेटा, सोडव."

हेमालीने फळ्यावर होडी काढली. मग टोपल्या काढायला लागली. एक, दोन, तीन… बाराव्या टोपलीला सभागृहात खुर्च्या करकरू लागल्या. ती थांबली, कागदाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि गप्प उभी राहिली.

मुलीला सावरायला कृष्णकांत पुढे झाला. "ती जरा घाबरलीय, साहेब. पायरी चौथी मी करतो. छत्तीस भागिले बारा. तीन. तीन पापलेट उरले."

"भागाकार कसा?" मोठ्या बाई कुजबुजल्या, पण माईकसमोर. "उरले म्हटलं की वजाबाकी. छत्तीस वजा बारा, चोवीस."

"प्रत्येक टोपलीत म्हटलंय, म्हणजे गुणाकार," मागून एक गुरुजी उठले. "चारशे बत्तीस."

एकनाथकाकांनी बसल्याजागी निमकी लावून 'अठरा' काढले. सभागृहात चार पक्ष पडले. साहेबांनी तीनवाल्यांना हात वर करायला सांगितलं. त्यात फक्त कृष्णकांत होता.

"सर," हेमाली म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग तिने फळ्यावर डस्टर आपटलं. "सर, एका टोपलीत किती पापलेट होते?"

"ते तुला काढायचंय, बेटा."

"नाय सर. ते दिलंच नाय. टोपलीत किती ते माहीत नसलं, तर सगळे किती होते ते कसं कळणार? आणि ते नाय कळलं, तर उरले किती?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि शेवटी उलटा केला. मागच्या बाजूला, एकटीच, एक ओळ होती. "प्रत्येक टोपलीत… पंधरा पापलेट," साहेबांनी वाचलं. आवाज बराच खाली आला होता.

"हां," हेमाली म्हणाली. तिने खडू उचलला, पंधरा गुणिले बारा उभी मांडणी केली, एकशे ऐंशी लिहिले, त्यातून छत्तीस वजा केले आणि खाली एकशे चव्वेचाळीस लिहून रेघ ओढली. टाळ्या आधी मागच्या रांगेतून आल्या, चारशे बत्तीसवाल्या गुरुजींकडून.

"तुला हे विचारायला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"पप्पांच्या तक्त्यात पहिलं तेच आहे. मला समजलं नव्हतं, म्हणून विचारलं."

कृष्णकांतने बॅनरकडे तोंड फिरवलं आणि चष्मा पुसला. त्या तक्त्यातली पहिली पायरी त्यानेच लिहिली होती, लाल स्केचपेनने, आणि आजवर ती पाळली होती फक्त हेमालीने. महिनाभर ही पोर विचारत होती आणि तो तिला वेळ लागतो म्हणून घड्याळ दाखवत होता. उत्तर दिलं होतं ते एका मासळीवाल्या मावशीने.

चहापानानंतर कैलाससाहेबांनी शेरा लिहिला. सभागृहात एका कागदाला चार उत्तरं निघाली, ही गोष्ट चौदा शाळांत पुन्हा पुन्हा घडवून आणावी असं त्यांना वाटत नसावं. शेरा असा होता : 'विद्यार्थिनीची कामगिरी उत्कृष्ट. पद्धती मात्र प्राथमिक अवस्थेत असून प्रौढांकडून अपेक्षित परिणाम दिसून आले नाहीत. सबब इतर शाळांत तूर्त राबवू नये.'

"वाईट वाटून घेऊ नका, सावे," मोठ्या बाई म्हणाल्या.

कृष्णकांत वाईट वाटल्यासारखं तोंड करण्याचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. पामचा शनिवार गेला, चिंचणीचा गेला, न परतणाऱ्या बसचा शनिवार गेला. एकापाठोपाठ चौदा ओझी उतरली. आपल्या नावाची संस्था स्थापन होऊन बंदही पडली, आणि कुणाच्या बापाचं काही गेलं नाही. त्याने शेऱ्याखाली 'वाचले, मान्य' अशी सही इतक्या उत्साहाने केली की पेनचं टोक कागदातून आरपार गेलं.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून हेमालीने विचारलं, "पप्पा, एवढे एकशे चव्वेचाळीस पापलेट उरले, ते मग कुणी नेले?"

कृष्णकांतने आयुष्यात प्रथमच घाई केली नाही. रस्त्याच्या कडेला एका टपरीशी स्कूटर थांबवली, दोन लिंबू सरबतं सांगितली आणि विचार करून म्हणाला, "बर्फात ठेवून बाजारात पाठवले असतील. वादळी हवा होती, म्हणून सकाळी गिऱ्हाईकच कमी आलं."

"हां," हेमाली म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.

त्यानंतर तो रोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसू लागला. रोज दोन-तीन प्रश्न येत. काहींचं उत्तर त्याला येई, काहींचं तो मोनालीला विचारी, आणि अगदीच अडलं तर दोघं सुलूमावशीची पाटी उतरायची वाट बघत. उत्तर मिळालं की गणित आपोआप सुटे.

सत्राच्या परीक्षेत शाब्दिक उदाहरणांना हेमालीला वीसपैकी सतरा मिळाले. पेपर हातात घेऊन कृष्णकांत खुर्चीत मागे रेलला, पाय लांब केले, आणि मोनालीला म्हणाला, "चहा टाक, जरा साखर जास्त घाल."

उरलेले तीन गुण कुठे गेले, ते त्याने विचारलं नाही.